‘हे मी दहा लाख वेळा करतो’

जबलपूरच्या छावणीत १८७५ साली डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी काही रंगीत चेंडू मांडले आणि स्नूकर जन्माला आला. (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) आजच्या स्नूकरच्या नियमांत एक कलम आहे. दोन्ही खेळाडू धोका टाळत तेच ते फटके मारत राहिले आणि डाव जागचा हलेना, तर पंच दोघांना ताकीद देतो. तरीही काही बदललं नाही, तर फ्रेम रद्द करून चेंडू नव्याने मांडायला लावतो.

तीच कृती पुन्हापुन्हा होऊ लागली की काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक स्पर्धात्मक खेळाला कधी ना कधी सोडवावा लागतो. प्रत्येक वेळ खेळून दाखवायची, की ‘पुढचं समजलं’ म्हणून मधलं गाळायचं?

बिलियर्ड्सला हा प्रश्न १९०७ मध्ये फार कठोरपणे भेडसावला. टॉम रीस या इंग्लिश खेळाडूने दोन चेंडू वरच्या पॉकेटच्या तोंडाशी असे अडकवले, की तिसरा चेंडू हलकेच दोघांना शिवला तरी ते जागचे हलत नसत. प्रत्येक स्पर्शाला दोन गुण. सुमारे पाच आठवडे तो हेच करत राहिला आणि त्याचा ब्रेक ४,९९,१३५ वर गेला. प्रेक्षक आणि पत्रकार सतत हजर नव्हते, म्हणून तो विक्रम अधिकृत मानला गेला नाही. त्याच वर्षी त्या फटक्यावरच बंदी आली. ‘तू हे करू शकतोस हे आम्ही मानलं, लाख गुण घे आणि पुढे हो’ असं कोणीच म्हणू शकलं नसतं. दोन लाखाव्या फटक्यालाही हात थरथरू शकतो. तिथे प्रत्येक पुनरावृत्ती ही नवी परीक्षाच असते, त्यामुळे खेळायचं किंवा बंद करायचं, एवढे दोनच मार्ग उरतात.

पत्त्यांत हात थरथरला म्हणून इस्पिकचा एक्का दुर्री होत नाही. निकाल पत्त्यांवरून ठरलेलाच असेल, तर ते एकेक करून टाकण्यात कसली परीक्षा नाही, फक्त वेळ जातो. म्हणून संक्षेपाचे नियम पत्त्यांच्या खेळांतच खरे बहरले.

मेंढीकोट खेळणाऱ्या घरांत हे आपोआप घडतं. शेवटचे चार-पाच पत्ते उरले की एखादा काका ते उघडे टाकून म्हणतो, ‘सगळे हात आमचे.’ ब्रिजमध्ये यालाच क्लेम म्हणतात आणि त्याचे नियम बारकाईने लिहिलेले आहेत. क्लेम करणाऱ्याने नुसते पत्ते दाखवायचे नसतात. उरलेले हात कोणत्या क्रमाने घेणार, हेही तिथल्या तिथे सांगायचं असतं. समोरच्यांना हरकत घेता येते. शंकेची जागा राहिली, तर तिचा फायदा क्लेम करणाऱ्याला मिळत नाही, प्रतिपक्षाला मिळतो. बाहेर एखादा हुकूम शिल्लक आहे हे क्लेम करणारा विसरला असावा असं दिसलं आणि त्या हुकमाने साध्या चुकीसरशी हात जाऊ शकत असेल, तर तो हात प्रतिपक्षाला दिला जातो. २०१७ च्या नियमावलीने आणखी एक दार उघडलं. प्रतिपक्षाने मागणी केली आणि चौघेही राजी असले, तर क्लेमनंतरही खेळ पुढे चालू ठेवता येतो.

पण ब्रिजमध्ये हात तेराच. खरी कसोटी लागली ती १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात. तिथे प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो आणि दोन पत्ते जुळले की न संपणारं चक्र सुरू होऊ शकतं. ‘डिसीव्हर एक्झार्क’ या प्राण्यावर ‘स्प्लिंटर ट्विन’ हा पत्ता लावला, की प्राणी आडवा होऊन स्वतःची प्रत बनवतो. प्रत टेबलावर येताच मूळ पत्त्याला पुन्हा उभं करते. मग पुन्हा प्रत, पुन्हा उभा. या प्रती त्याच खेपेला हल्ला करू शकतात आणि समोरच्याकडे सुरुवातीचे गुण असतात अवघे वीस.

इथे खेळाडू चक्राची एक फेरी दाखवतो आणि आकडा सांगतो: दहा लाख वेळा. ‘अनंत’ म्हणता येत नाही, नेमका आकडाच लागतो. समोरच्याला मध्येच थांबवण्याचा हक्क आहे. ‘सतरावी प्रत आली की मी माझा पत्ता टाकतो,’ असं तो म्हणाला, तर खेळ सतराव्या प्रतीपाशी थांबतो. चक्रातल्या सगळ्या कृती सक्तीच्या असतील आणि कोणालाच ते तोडता येत नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

आणि मर्यादा? ‘अमुक पत्ता येईपर्यंत करत राहतो’ हे चालत नाही. ‘फोर हॉर्समेन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचाची अडचण नेमकी हीच. ‘बसाल्ट मोनोलिथ’ आणि ‘मेझ्मेरिक ऑर्ब’ हे दोन पत्ते मिळून गड्डीतला वरचा पत्ता एकेक करून टाकत जातात. मध्येच ‘एमराकूल’ हा पत्ता पडला की टाकलेले सगळे पत्ते परत गड्डीत जाऊन पिसले जातात. हवा तो क्रम कधी ना कधी येणार हे गणित सांगतं, पण किती फेऱ्यांनी, हे खेळाडू सांगू शकत नाही. म्हणून संक्षेप नाही. आणि प्रत्यक्ष पिसत बसला, तर डाव पुढे न सरकवता वेळ घालवल्याचा ठपका येतो. स्पर्धेची फेरी साधारण पन्नास मिनिटांची असते. कित्येकांना हा निर्णय अन्यायाचा वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण समोर बसलेल्या माणसाचा वेळ हाही खेळाचाच भाग आहे. २०१३ मध्ये ‘सेकंड सनराइझ’ या पत्त्यावर एका स्पर्धा-प्रकारात बंदी आली, तीही मुख्यतः त्याच्या लांबलचक खेळ्यांनी सगळ्या स्पर्धेला तिष्ठत ठेवलं म्हणून.

या सगळ्यांतून माझ्या दृष्टीने तीन अटी पक्क्या होतात. शेवट आधीच ठरलेला हवा, वाट उघड सांगितलेली हवी आणि समोरच्याला ती अडवता यायला हवी. यातली तिसरी सर्वांत मोलाची, आणि घरच्या डावात नेमकी तीच मोडते. मोठी माणसं पत्ते टाकून मोकळी होतात आणि लहानग्याला विचारायचं धैर्य होत नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘सगळे हात आमचे’ म्हणाल, तेव्हा क्रम सांगा, बाहेरचे हुकूम मोजा, आणि समोरून ‘खेळून दाखवा’ असं कोणी म्हणालं तर राग न धरता खेळून दाखवा.