रोज सकाळी संगणकाचं बारसं!

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानाचं शटर वर जातं, संगणकाचं बटण दाबलं जातं आणि लॉगिनचा पडदा दिसायच्या आधीच आत एक बारसं उरकलेलं असतं! नेटवर्कवर संगणकाला ज्या नावानं ओळखतात ते होस्टनेम चालू मेमरीत असतं. संगणक बंद झाला की ते पुसलं जातं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम ते दर वेळी डिस्कवरून वाचून नव्यानं ठेवते.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागा होतो तेव्हा नावाच्या जागी बहुधा कंसात 'नन' लिहिलेलं असतं, म्हणजे बाळ अजून बिननावाचं. मग सिस्टमडी ही पहिली प्रक्रिया 'होस्टनेम' नावाची एका ओळीची फाइल वाचते आणि त्यातलं नाव कर्नलच्या हवाली करते. फाइलच नसेल तर? राउटर आयपी पत्त्यासोबत नाव सुचवू शकतो. तेही नाही मिळालं, तर बहुतेकदा 'लोकलहोस्ट'वर भागवलं जातं.

विंडोज असं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यातून उचलतं, तेही सुरू होतानाच. नाव बदललं की 'रीस्टार्ट करा' असा आग्रह होतो तो त्यामुळे!

आता गंमत पाहा. नव्या विंडोज संगणकाचं नाव बहुधा 'डेस्कटॉप', एक आडवी रेघ आणि पुढे कसलीही सात अक्षरं-आकडे असं असतं. रोमन लिपीत मोजा: सात, एक आणि सात, बरोबर 15. ही मर्यादा नेटबायॉस या संगणक जोडण्याच्या 1983 सालच्या व्यवस्थेची देणगी आहे. त्यात नावाला 16 जागा होत्या, पण शेवटची जागा सेवेचा प्रकार सांगायला राखून ठेवली. चाळीस वर्षं उलटली, तरी दुकानातला नवाकोरा संगणक हा नियम पाळतो. लिनक्स मात्र 64 अक्षरांपर्यंत जाऊ देतं.

एचपीचे बरेच नेटवर्क प्रिंटर 'एनपीआय' या तीन अक्षरांपुढे आपल्या हार्डवेअर पत्त्याचे शेवटचे सहा अंक-अक्षरं जोडून स्वतःच नाव घेतात. मॅकला जुळं नाव भेटलं तर तो स्वतःच मागे 2 लावतो.

मुंबईकरांच्या ओठांवर एकेकाळी असंच एक यंत्रनाव होतं. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि ईमेलच्या पत्त्यात सर्व्हरचं नाव आलं: 'जीआयएएसबीएम01'. यातलं 'बीएम' म्हणजे बॉम्बे. पुण्याचं 'पीएन'. त्याच वर्षी शहराचं मुंबई झालं, पण सर्व्हरचं 'बीएम' पुढेही चालू राहिलं. लोक ते अख्खं लांबलचक नाव व्हिजिटिंग कार्डावर छापायचे!

आणि मराठी नाव? होस्टनेममध्ये फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते. 27 ऑगस्ट 2014 ला सुरू झालेलं देवनागरी '.भारत'सुद्धा आत 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपात जातं. पण लिनक्सनं एक सुंदर सोय ठेवली आहे: 'प्रिटी होस्टनेम'. खऱ्या नावासोबत दिसण्यापुरतं दुसरं नाव. तिथे जागा सोडून, अगदी शुद्ध मराठीत 'केबिन रोड, भाईंदर पूर्व' लिहिता येतं. ही सोय प्रत्येक मराठी माणसानं एकदा तरी वापरावी.

नाव कसं निवडावं यावर इंटरनेटच्या मंडळींनी 1990 साली एक टिपणही काढलं. त्यात सांगितलंय: स्वतःचं नाव देऊ नका, रंग, पुराणकथांतल्या जागा, मूलद्रव्यं असा एखादा विषय धरा.

तेव्हा तुमच्या दुकानात एकाच प्रिंटरवर तीन-चार 'डेस्कटॉप' झुंजत असतील, तर आजच सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' उघडा. रोमन लिपीत, 15 अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता सह्याद्री, तोरणा, राजगड अशी नावं द्या आणि एकदा रीस्टार्ट करा.