सर्वाधिक कापूस म्हणजे सर्वाधिक नफा नव्हे!

मुकुटबन (जि. यवतमाळ) : खत वाढविले की कपाशीचे उत्पादन वाढते, हा सर्वसाधारण समज. मात्र एका मर्यादेनंतर ही वाढ मंदावते, थांबते आणि पुढे उत्पादन घटू लागते. झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या कापूसपट्ट्यात ही मर्यादा ओळखणे म्हणजे उधारीचा बोजा टाळणे होय. ती शोधण्याची रीत कलनशास्त्रात, अर्थात कॅल्क्युलसमध्ये आहे.

उदाहरणादाखल, एकरी 'क्ष' किलो खत दिल्यास ६०० + ४क्ष − ०.०२क्ष² किलो कापूस निघतो, असे मानू. उत्पादन बदलण्याचा दर, म्हणजेच या सूत्राचा अवकलज, ४ − ०.०४क्ष येतो. टेकडीच्या माथ्यावर चढ संपलेला असतो आणि उतार सुरू व्हायचा असतो. तसाच महत्तम मूल्याशी हा दर शून्य होतो. त्यावरून क्ष = १०० किलो आणि कापूस ८०० किलो.

तथापि दर शून्य होणे एवढाच पुरावा पुरेसा नाही. दरीच्या तळाशीही तो शून्यच असतो. म्हणून पुन्हा अवकलन करतात. उत्तर ऋण आल्यास महत्तम, धन आल्यास लघुतम मूल्य समजावे. येथे ते −०.०४, म्हणजे ऋण आहे.

नफ्याचे गणित

आता कापसाला किलोमागे ७० रुपये भाव आणि खताला मजुरीसह २८ रुपये खर्च धरू. शेवटच्या किलो खताने मिळणारे उत्पन्न त्याच्या खर्चाइतके होते, तेथे नफा महत्तम. ७०(४ − ०.०४क्ष) = २८ या समीकरणातून क्ष = ९० किलो येतो; कापूस ७९८ किलो. म्हणजे अखेरच्या १० किलो खतासाठी २८० रुपये मोजून हाती पडतो अवघा २ किलो, १४० रुपयांचा कापूस! मात्र खत ६० किलोच उपलब्ध असेल, तर तेवढे सारे देणे हेच सर्वोत्तम. म्हणून मर्यादेची टोकेही तपासावी लागतात.

या विचाराची बीजे जुनी आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. सतराव्या शतकात फर्मा, न्यूटन व लायब्निझ यांनी त्याला आजचे रूप दिले.

सूत्रातील आकडे जमीन व पावसानुसार बदलतात. ते माती परीक्षण आणि शेतावरील प्रयोगांतूनच ठरतात. रीत मात्र तीच राहते.