विहिरीला पाणी आहे, पण खारं का?

मैत्रिणींनो, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही तोंडात घेववत नाही. असं का? उत्तर जमिनीच्या पोटात आहे.

गाविलगडच्या डोंगरपायथ्याशी फार पूर्वी जमिनीला लांबलचक भेग पडली. भेगेच्या दक्षिणेकडची जमीन हळूहळू खाली बसली आणि परातीसारखा खोलगट भाग तयार झाला. पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं त्यात गाळ आणून टाकला. काही ठिकाणी तो शेकडो फूट जाड आहे. या चिकण गाळातून पाण्याचा निचरा नीट होत नाही, म्हणून क्षार आतच साठून राहिले.

समुद्राच्या तळाशीही अशा पराती आहेत. कणकेचा गोळा दोन्हीकडून ओढला की मध्ये पातळ होतो ना? सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स बेटं दूर सरकली, तेव्हा मधली जमीन तशीच ताणली गेली, खचली आणि तिथं समुद्र शिरला. तळाच्या गाळात गाडल्या गेलेल्या बारीक जिवांचं पुढे तेल आणि वायू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय इथं १९७४ साली तेल लागलं, ते अशाच परातीत.

म्हणजे परातीत जे साठलं, तेच आपल्या हाती येतं. म्हणून ‘बोअर खोल नेली की गोडं पाणी लागेलच’ या भरवशावर गटातून कर्ज उचलू नका. आधी शेजारच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासून घ्या. पावसाचं पाणी मात्र गोडंच असतं. ते शेततळ्यात, टाकीत धरून ठेवा. येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा.