दम न लागणारं वाद्य

अमेरिकेत घरामागच्या गॅरेजात तालीम करणाऱ्या पोरांच्या बँडला ‘गॅरेज’ हे नाव चिकटलं आणि पुढं त्याच ओबडधोबड वाजवण्यातून पंक निघालं. बुलडाणा जिल्ह्यात गॅरेज कुणाकडे होतं? पण खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूरकडच्या लग्नांत आणि मिरवणुकांत वाजलेली बँजो पार्टी त्याच जातकुळीची: शिकवायला गुरू नाही, हाताशी नोटेशन नाही, वाद्यं उधारीवर आणि आवाज मात्र भिंती हलवणारा. तिला डीजेनं मारलं, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ज्या दोन गोष्टींवर बँजो पार्टीनं बाजार जिंकला, त्याच दोन गोष्टींवर ती हरली.

मुळात हे वाद्यच जुगाडू. जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी 1912 साली टाइपरायटरसारख्या कळा तारवाद्याला जोडून ‘ताइशोगोतो’ बनवलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि वरातीत बँजो. अमेरिकी बँजोशी त्याचं नातं नावापुरतंच. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. कळ दाबली की सूर ठरलेल्या जागी पडतोच. सनईवाल्याची किंवा ब्रास बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याची अर्धी विद्या फुंकेत असते, ती कमवायला वर्षं लागतात, आणि वरात लांबली की छाती भरून येते. बँजोला दम लागत नाही. चार महिन्यांत हात बसतो, पिकअप लावून भोंग्याला जोडलं की गल्ली आपली. जोडीला ताशा, ढोल, कॅसिओ आणि पुढं ऑक्टोपॅड. कमी पैशांत जास्त आवाज आणि कालच आलेलं सिनेमातलं गाणं आज वरातीत, या दोन गोष्टींपुढे ब्रास बँडचे झालरी लावलेले कोट फिके पडले. (त्या कोटांबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.)

यावर पहिला आक्षेप असा की, ही तर नुसती नक्कल. यात कसली कला? पण गॅरेज बँडांचं सगळ्यात गाजलेलं ‘लुई लुई’ हेही किंग्जमेन या बँडनं 1963 साली वाजवलेलं दुसऱ्याचंच गाणं. मूळ रिचर्ड बेरीचं. नक्कल ही सुरुवात असायला हरकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पंकमध्ये राग असतो, बँजो पार्टी तर नवरदेवाच्या बापाची सुपारी घेते. हे मान्य करावं लागतं. तरी 14 एप्रिलच्या, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत वाजवणारा आणि नाचणारा एकाच वस्तीतले असतात, तिथं गाणं कुणा यजमानाच्या फर्माईशीनं ठरत नाही. त्या रात्रीपुरती ती सुपारी उरत नाही.

कायद्यानं संपवलं म्हणावं, तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरची बंदी सगळ्याच भोंग्यांना घातली होती, आणि डीजे फोफावला तो त्यानंतरच. 2020 च्या टाळेबंदीनं लग्नसराई बुडाली हे खरं, पण ती डीजेवाल्याचीही बुडाली. खरा हिशेब साधा आहे. आठ-दहा जणांत वाटायची सुपारी डीजेवाला दोघा-तिघांत उरकतो. त्याचा आवाज मोठा आणि गाणं नकलेऐवजी मूळच. आवाज आणि ताजं गाणं एवढंच विकणाऱ्याला त्याहून मोठा आवाज भेटला की विकायला काही उरत नाही. याचा पुरावा कोकणात सापडतो. मुंबई-रायगडकडे डीजे काही कमी नाहीत, तरी तिथं बँजो अजून वाजतो, कारण कोळीगीतांचा स्वतःचा ठेका त्याच्या हातात आहे आणि गणपतीच्या आगमनाला मंडळं त्यालाच बोलावतात. रवी जाधव यांचा 2016 चा ‘बँजो’ हा सिनेमाही मुंबईचाच. वऱ्हाडातल्या पार्ट्यांनी असा आपला ठेका बांधलाच नाही. पोतराजाचा, गोंधळ्याच्या संबळाचा ठेका दाराशी असूनही त्यांचं लक्ष पडद्यावरच्या गाण्याकडे राहिलं.

मोडलेल्या पार्टीतला ऑक्टोपॅडवाला ऑर्केस्ट्रात किंवा जागरण-गोंधळात खपतो, ताशेवाल्याला ढोलपथक आहे, भोंग्याची जोडणी जाणणारा डीजेच्याच गाडीवर चढतो. बँजोवाल्याचं तेवढं अवघड. त्याचा सूर आता कीबोर्डमधल्या एका बटणावर मिळतो.