कुचला, ग्लायसिन आणि गेफायरिनचा सेतू

वैद्यबंधूंनो, कुचल्याच्या अतिमात्रेने आक्षेपक का येतात? त्यातील स्ट्रिक्निन मेरुरज्जूतील ग्लायसिनचे रिसेप्टर अडविते व स्नायूंवरील अंकुश सुटतो. १९८२ साली स्ट्रिक्निनच्याच साह्याने हे रिसेप्टर वेगळे करताना त्यांच्यासोबत एक प्रथिन आढळले. ग्रीक भाषेतील ‘सेतू’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास ‘गेफायरिन’ हे नाव मिळाले. चेतापेशीच्या आवरणाखाली त्याचे जाळे असते. संदेश जेथे पोहोचतो, नेमक्या त्या स्थानी ते रिसेप्टर धरून ठेवते. १९९८ मधील प्रयोगात गेफायरिनविरहित उंदरांच्या पिलांत हे रिसेप्टर तेथे जमलेच नाहीत. पिले ताठरली व दिवसभरात दगावली. रिसेप्टर असूनही स्थानभ्रष्ट झाले, तर परिणाम ते अडविल्यासारखाच होतो. हा अंकुश इतका नाजूक आहे. म्हणूनच कुचल्याच्या शोधनात व मात्रेत यत्किंचितही शैथिल्य नसावे.