कोंबडी घेताना आधी पाय पाहावेत

घरच्या अंड्यांसाठी परसात चार-सहा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की नावांची गर्दी होते: वनराज, ग्रामप्रिया, गिरीराज, कावेरी, कडकनाथ आणि आपली गावरान. वर्षाला अंडी किती, एवढंच जो तो विचारतो. मी म्हणेन, आधी खाली वाकून कोंबडीचे पाय पाहा.

पायांचा पिवळा रंग येतो मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून. तो मोडून टाकणारं विकर कोंबडीच्या शरीरात असतं. पिवळ्या पायांच्या जातींत ते कातडीपुरतं गप्प राहतं, म्हणून रंग साठतो. पाळीव कोंबडी एकट्या लाल रानकोंबडीपासून आली, असं डार्विनचं मत होतं. पण २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबडीकडून आलेलं आहे. ही राखी रानकोंबडी भारताबाहेर कुठल्याच रानात सापडत नाही. आपल्या सह्याद्रीत, कोयनेच्या आणि आंबोलीच्या झाडीत, तिचा नर आजही आरवतो. इटलीची लेगहॉर्न असो की अमेरिकेची ऱ्होड आयलंड रेड, तिच्या पायांचा पिवळा रंग या पाखराच्या घरातून गेलेला आहे! हे वाचलं तेव्हापासून पिवळ्या पायांची साधी कोंबडी दिसली तरी मी थांबून बघतो.

शिवाय हा रंग हिशेबाच्या वहीसारखा वाचता येतो. कोंबडी अंड्यावर आली की खाण्यातला पिवळा रंग बलकाकडे वळतो आणि अंगावरचा उतरू लागतो. आधी अंडं बाहेर येतं ती जागा फिकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच मुळापासून टोकाकडे, आणि सगळ्यांत शेवटी पाय. पाय फिके पडायला चार-पाच महिने लागतात. म्हणून विकणारा ‘रोज अंडं देते’ म्हणत असेल आणि मोठ्या कोंबडीची चोच, पाय हळदीसारखे पिवळेधमक असतील, तर ती सध्या अंडी देत नाही असं समजावं. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगेला हा नियम लागू नाही, तिचे पाय पिवळेच असणार. काळ्या पायांच्या कडकनाथावर यातलं काहीच दिसत नाही.

आता अंड्यांचा आकडा. लाल रानकोंबडी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते, लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. मधल्या फरकाचं एक मोठं कारण म्हणजे खुडूक बसणं. गावरान कोंबडी डझन-दीड डझन अंडी घालते आणि खुडूक होते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडाशय आक्रसतं, अंडी थांबतात. एकवीस दिवस ती अंड्यांवरून खाण्यापिण्यापुरतीच उठते, हात घातला तर फुगून टोचते. पुढे काही आठवडे पिल्लांमागे जातात. वर्षातून तीन-चारदा हे झालं की अंडी साठ-सत्तरच्या पुढे कशी जाणार? लेगहॉर्नमधून माणसाने हे खुडूकपण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकलं. तिला अंडी घालता येतात, त्यांतून पिल्लं काढायला मात्र मशीन लागतं.

म्हणून परसात एकाच जातीचा हट्ट नको. रोजच्या अंड्यांसाठी ग्रामप्रिया घ्यावी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती मोकळ्या परसासाठीच तयार केली. अंगाने हलकी, पायांनी उंच, घार-मुंगसापासून पळून जाऊ शकणारी, आणि नीट ठेवली तर वर्षाला दोनशेच्या आसपास तपकिरी अंडी. तिथलीच वनराज वजनाला भारी, अंडी साधारण निम्मी; कोंबडे मटणाला हवे असतील त्यांनी ती घ्यावी. झाबुआच्या कडकनाथाचं मांस आणि हाडं काळी, पण अंड्याचं कवच फिकट आणि आतला बलक नेहमीसारखाच. अंड्यांसाठी म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही.

सोबत एक-दोन गावरान कोंबड्या मात्र हव्यातच. ग्रामप्रिया संकरित आहे, घरच्या अंड्यांतून निघालेल्या तिच्या पिल्लांत आईइतकी अंडी उतरत नाहीत, तेव्हा पिल्लं दरवेळी नवी आणावी लागतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. गावरान कोंबडी खुडूक बसून दोन-तीन आठवडे झाले असतील तर रात्री अंधारात एका दिवसाची पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवावीत. बहुतेक कोंबड्या सकाळी त्यांना आपलीच मानून दाणे दाखवायला लागतात, आणि बल्बचा खर्च वाचतो. टोचायला लागली तर पिल्लं लगेच काढून घ्यावीत. मानमोडीची लस गावरान आणि संकरित, दोघींनाही वेळेवर द्यावी.