विश्लेषण : व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मार्टिनी-हेन्री रायफल आज शिकारीला नेता येते का?

काठमांडूतील लगन सिलेखान्यातला जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात एकोणिसाव्या शतकातील हजारो मार्टिनी रायफली होत्या. त्या विकत घेणाऱ्यांपैकी काहींना रायफल भिंतीवर टांगायची नसते, हरणाच्या शिकारीला न्यायची असते. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेले हत्यार ‘अँटिक’ ठरते आणि ते घेताना संघराज्य पातळीवरची परवान्याची औपचारिकता लागत नाही. म्हणजेच ते सुरक्षित आहे का, हे तपासणारेही कोणी नसते. ती जबाबदारी घेणाऱ्याची.

रायफल चालते कशी?

ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली ही एकबारी रायफल. आतली यंत्रणा स्वित्झर्लंडमधील फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांची, तर नळीतील सात खाचांची रचना एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्री यांची. चापामागचा लिव्हर खाली ओढला की मागच्या टोकाला बिजागरीसारखा अडकवलेला पोलादी ब्लॉक खाली झुकतो, काडतूस आत सरकवता येते. लिव्हर वर घेतला की रायफल झाडायला तयार. बाहेर घोडा नाहीच. स्फोटाचा सगळा दाब हा ब्लॉक पेलतो आणि तो नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो.

खरी की नक्कल?

उजव्या बाजूला मुकुट, ‘व्हीआर’ ही राणीची अक्षरे, कारखान्याचे नाव (एनफील्ड, बीएसए वगैरे), साल आणि ‘मार्क’चा आकडा, असे कोरलेले असते. मार्क चार असेल तर लिव्हर लांब असतो. तापलेल्या नळीत अडकलेले काडतूस ओढून काढायला जोर मिळावा म्हणून तो वाढवला गेला.

खैबर खिंडीच्या परिसरातील कारागिरांनी याच्या हुबेहूब नकला केल्या. काहींवर इंग्रजी ‘एन’ उलटा कोरलेला सापडतो, काहींवर ‘व्हीआर’च्या खाली १९०१ नंतरचे साल. राणी तर १९०१ च्या जानेवारीतच वारली होती!

नेपाळच्या साठ्यात आणखी एक गोची आहे. जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखली जाणारी रायफल बाहेरून मार्टिनीसारखीच दिसते, पण ती हाताने घडवलेली आहे आणि आत गुंडाळी स्प्रिंगऐवजी पट्टीची स्प्रिंग आहे. तिच्यावरचे आकडे देवनागरीत असतात, त्यामुळे मराठी वाचकाला ते सहज वाचता येतील. साल मात्र विक्रम संवतातले असू शकते. त्यातून साधारण ५७ वजा करायचे. नक्कल असो वा गहेंद्र, ती झाडायच्या फंदात पडू नये. शोभेची वस्तू म्हणून ती उत्तमच आहे.

माप का घ्यायचे?

नावाप्रमाणे काडतूस ५७७/४५०. पण दीडशे वर्षांच्या झिजेनंतर नावावर विसंबता येत नाही. चेंबरमध्ये सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ओततात. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि थंड झाल्यावर तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाचा होतो. त्यावर मायक्रोमीटर लावायचा. (मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला कंटाळलेल्या माझ्यासारख्या इंजिनीअरांनी हे जरूर बघावे.) नळीत मऊ शिशाची गोळी ठोकून खाचांचा व्यासही मोजतात. ४५-७० या प्रचलित काडतुसाची ०.४५८ इंची गोळी इथे सैल पडते, पिळाला धरत नाही आणि नेम भरकटतो.

सर्वात घातक चूक दारूची. ही रायफल काळ्या दारूसाठी बनली आहे. आधुनिक धूरविरहित दारूचा दाब वेगळ्या रीतीने चढतो आणि प्रमाण थोडे चुकले तरी जुने पोलाद फुटू शकते.

दुरुस्ती किती करायची?

कमीत कमी. घट्ट झालेले ग्रीस विरघळवायचे, थकलेली स्प्रिंग बदलायची, दस्त्याला जवसाचे तेल चोळायचे. सँडपेपर आणि बफिंग व्हील मात्र लांबच बरे. चकचकीत करण्याच्या नादात खुणा पुसल्या की ओळख जाते आणि किंमतही. तपासणी काळ्या दारूच्या बंदुकांची सवय असलेल्या गनस्मिथकडूनच करून घ्यावी, आणि पहिला बार खांद्याला लावून नव्हे, तर रायफल बांधून, दुरून दोरीने ओढावा.

काडतुसेही घरी भरावी लागतात. अनेक जण २४ गेजच्या पितळी काडतुसांना दाबून हा आकार देतात. मूळ भरणा ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी. गोळी जड पण संथ, वाटेत बरीच खाली येते. त्यामुळे शहाणा शिकारी शंभर मीटरच्या आतच चाप ओढतो. संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुणे चुकत नाही. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि एका रात्रीत गंज धरू शकतो.

भारतात काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका, पिकांचे नुकसान अशा मोजक्या प्रसंगी परवानगी घेऊनच अपवाद होतो. शस्त्र कायदा १९५९ पुरातन शस्त्रांना सूट देतो, पण दुरुस्त करूनही बार निघणार नाही अशाच शस्त्रांना. चालू होऊ शकणाऱ्या मार्टिनीला परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि आजोबांकडून वारशाने आलेली रायफलही त्या दोनात मोजली जाते.